बिनपासवर्डाचा डाव

आईचा आवाज घरातून पुसला गेलाय, हे जयवंतीला कळलं ते पाहुण्यांच्या समोर.

नणंद आणि तिचे यजमान बोळिंजच्या फ्लॅटवर जेवायला आले होते. जेवणं झाली, बडीशेप फिरली, आणि नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्या आईंची ती लग्नातली गाणी लावा की. मागं ऐकवली होतीत, तेव्हापासून कानात बसलीत माझ्या."

जयवंतीला कोण आनंद झाला. तिची आई पुतळाबाई म्हणजे चांदीपची नावाजलेली गाणारी. हळदीला, मांडवाला आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. ती लग्नविधींतली गाणी, धवले, म्हणायला बसली की मांडव घालणारे पुरुषसुद्धा हातातली दोरी सोडून उभे राहायचे. म्हातारी जायच्या आधी जयवंतीनं तिच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून जमेल तेवढं भरून घेतलं होतं. पुढं कॅसेटींना बुरशी धरली, तेव्हा वसईतल्या एका दुकानदाराकडून वाचेल तेवढं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं; कॅसेटी गेल्या त्या गेल्याच. त्यात पुतळाबाई मधेच खोकायची, मधेच म्हणायची, "जरा पानी दे गो बाय," आणि घोट घेऊन परत तोच सूर अलगद उचलायची.

कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात, प्रल्हादरावांच्या टेबलावर असे. पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक. ते उठले, पाठीनं कीबोर्ड झाकून त्यांनी पासवर्ड घातला, खुर्चीत नीट बसले आणि मग म्हणाले, "ती नाहीत आता."

"नाहीत म्हणजे?"

"काढून टाकली. मशीन अगदी रडत होतं. मला बुद्धिबळाचं नवीन सॉफ्टवेअर घालायचं होतं, आणि जागा अडवून बसली होती तुझी गाणी."

"अहो, पण कॉपी करून देतो म्हणाला होतात."

"राहिली." प्रल्हादराव मेहुण्याकडे वळले. "आणि होतं काय हो त्यात? तेच तेच हेल. पानी आनि लोनी."

मेहुणे हसले. नणंद हसली नाही. जयवंती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

तरुणपणी ती वसईच्या कोर्टात टायपिस्ट होती आणि प्रल्हाद शिर्के जवळच्याच बँकेत नवा लागलेला कारकून. साताऱ्याकडचा मुलगा, सरळ नाकाचा, बोलण्यात चटपटीत. दोघांचं जमलं, घरच्यांचा विरोध मोडून लग्न झालं. लग्न झाल्यावर मात्र त्याला तिची बोली खुपायला लागली. चारचौघांत ती "पानी" म्हणाली की तो तिथल्या तिथे "पाणी" म्हणून दुरुस्त करायचा, शाळेतल्या मास्तरासारखा. तिनंही जीभ वळवून घेतली. मुलगी उन्नती झाली, ती तर पहिल्यापासूनच वडिलांसारखं बोलली. जयवंतीची जुनी जीभ उरली ती माहेरी गेल्यावर, आणि आईच्या त्या आवाजात.

पुसलेलं कधीकधी परत मिळतं, हे तिला ठाऊक होतं. कोर्टात कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्या टायपिस्टांना तिनंच शिकवलं होतं. ती म्हणाली, "मशीन बंद ठेवा आणि मला दुकानात नेऊ द्या. त्यावर नवीन काही चढलं नाही तर मिळेल."

"माझा डाव चालू आहे," प्रल्हादराव म्हणाले. "आठवडाभर थांब."

ती थांबली. विरारच्या दुकानदारानं मशीन तपासून मान हलवली. जिथं गाणी होती, नेमकं तिथंच ते नवं सॉफ्टवेअर पाय पसरून बसलं होतं. "लगेच आणलं असतं ना, तर काही तरी निघालं असतं, मावशी," तो म्हणाला.

त्या दिवशी दुकानापासून घरापर्यंत ती चालत आली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. नागीण डूख धरते म्हणतात, तसं काहीतरी छातीत वेटोळं घालून बसलं, आणि ते बसल्यावर तिला उलट शांतच वाटलं.

आता हा चालू असलेला डाव काय, ते सांगायला हवं. प्रल्हादराव निवृत्त झाल्यापासून एका साइटवर बुद्धिबळ खेळत. त्यांच्याच बँकेतले जुने सहकारी शत्रुघ्न चौबळ नागपूरला स्थायिक झाले होते. त्यांच्याशी हे सावकाशीचे डाव चालत, एका चालीला तीन दिवसांची मुदत. निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येक चालीची चर्चा व्हायची. शत्रुघ्नरावांकडून आपण आजवर हरलो नाही, हे प्रल्हादराव दूधवाल्यालासुद्धा सांगत. आणि खेळताना त्यांना मोठ्यानं बोलायची सवय होती. सकाळी चहाचा कप घेऊन बसले की सुरू: "घोडा इथं नेला तर मेलो. हत्ती हलवला तर उंट जातो. छे, प्यादंच बरं." मग चाल न करताच उठायचे. "मुरू दे जरा," म्हणायचे, आणि चाल दुसऱ्या दिवशी करायचे.

जयवंती भाजी निवडत ते ऐकत असे. कित्येक वर्षं नुसतीच ऐकत होती. आता लक्ष देऊन ऐकायला लागली.

पुढच्याच महिन्यात प्रल्हादरावांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि पासवर्ड चुकवायचे. लांबलचक पासवर्ड, त्यात कॅपिटल अक्षर, आकडे आणि कसलं तरी चिन्ह. चार-पाच वेळा चुकला की मशीन रुसायचं आणि काही वेळ उघडायचंच नाही. मग ते टेबलावर हात आपटायचे.

जयवंती त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होती. मान मागं टाकून, डोळा उघडा धरून ते बसले होते.

"अहो, एवढा त्रास कशाला?" ती म्हणाली. "बटण दाबलं की आपोआप उघडेल असं करून देते. पासवर्ड विचारणारच नाही."

"येतं तुला?"

"कोर्टात करायचो आम्ही."

"आणि कुणी उघडलं तर?"

"घरात आपण दोघंच. चोर येऊन बुद्धिबळ खेळणार आहे का?"

प्रल्हादराव हसले. "खरंय. चोर काय घरातला असतो?"

ती पुसायला कापूस घ्यायच्या निमित्तानं वळली.

दुपारी तिनं ते काम केलं. कोर्टातली मशीनं जुनी होती, नव्या मशीनची तऱ्हा वेगळी, म्हणून तिनं आधीच मोबाइलवर सगळं वाचून ठेवलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन तिनं आधी एक बटण बंद केलं, त्याशिवाय हवी ती चौकट दिसतच नाही. मग ती चौकट उघडली. वर प्रल्हादरावांचं नाव, आणि नावावर बारीकशी खूण: वापरणाऱ्यानं नाव आणि पासवर्ड दिलाच पाहिजे. जयवंतीनं ती खूण काढली. मशीननं शेवटची अट घातली, की मालकानं पासवर्ड दोनदा लिहून संमती द्यावी.

"या, लिहा तुम्ही," तिनं हाक मारली. "मी बघत नाही." आणि खरोखरच खिडकीशी जाऊन उभी राहिली.

प्रल्हादरावांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक कीबोर्डला टेकवून एकेक अक्षर शोधलं आणि आपल्या हातानं दोनदा संमती दिली. कॉम्प्युटर थोडा वेळ झोपला आणि जागा झाला तरी पासवर्ड मागू नये, तेही जयवंतीनं आठवणीनं करून घेतलं. मग मशीन बंद करून परत चालू केलं. पंखा घुरघुरला, पडदा उजळला, आणि कुणाला काही न विचारता सरळ पटावरची हत्ती-घोड्यांची चित्रं समोर आली.

"वा!" प्रल्हादराव खूश होऊन म्हणाले. "हे तू आधीच करायला हवं होतंस."

दोन दिवसांनी सकाळी ते पटापुढे बडबडले, "घोडा राजाच्या बाजूला नेला तर शत्रुघ्न मला सोलून काढेल." दुपारी जेवून ते आत झोपले. घोरणं स्थिर झालं तशी जयवंती टेबलाशी आली. आवाज बंद केला. घोड्यावर बाण ठेवला, राजाच्या बाजूला नेला आणि सोडून दिला. मशीन बंद केलं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं स्वतःपुरता आलं घातलेला चहा केला आणि तो बाल्कनीत बसून, चवीनं, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. गाणी गेल्यापासून पहिल्यांदाच तिला चहाला चव लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधून आवाज आला, "हे काय?"

"काय झालं?"

"मी... मी काल चाल केली?"

"मला काय माहीत? तुमच्या खेळातलं मला काय कळतंय?"

प्रल्हादराव बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ती चाल त्यांच्याच डोक्यात येऊन गेली होती, हे तर त्यांना पक्कं आठवत होतं. "डोळ्यामुळे असेल," ते स्वतःशीच म्हणाले. "बोट चुकून लागलं असेल."

जयवंतीनं घाई केली नाही. मधल्या चार-सहा चाली त्यांच्या त्यांना करू दिल्या. मग "हत्ती हलवला तर उंट जातो" हे ऐकलं, त्या दुपारी हत्ती हलवला. उंट गेला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "प्रल्हाद, वय दिसायला लागलं हं!" शत्रुघ्नरावांनी हसरं तोंड टाकलं. त्या दिवशी प्रल्हादराव जेवताना एक शब्द बोलले नाहीत. आमटीत मीठ कमी होतं, तेही बोलले नाहीत.

आणखी एक चाल, मग आणखी एक. डोळा पूर्ण बरा झाला, चष्मा गेला, तेव्हा डोळ्याचं निमित्तही गेलं. प्रल्हादरावांचा चेहरा बदलायला लागला. गॅस बंद केला का, हे ते दोनदा बघून यायचे. बाजारात जाताना किल्ली खिशात चाचपत राहायचे. बोलता बोलता एखादं नाव आठवेना, की पांढरेफटक पडायचे. एका संध्याकाळी त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "जयवंती, मी हल्ली विसरतो का गं? खरं सांग."

तिच्या मनात आलं, आता पुरे. पण लगेच कानात ते हसणं वाजलं, मेहुण्यांचं. पानी आनि लोनी.

"वय झालं आता," ती म्हणाली. "व्हायचंच."

ते मान खाली घालून आत गेले. दुरुस्त करणारा मास्तर गेला होता. तिच्या बोलण्यात चूक काढायची त्यांना हिंमतच उरली नव्हती. तिनं मुद्दाम "कोन आलंय बघा" म्हणून पाहिलं. ते मुकाट उठून दार उघडायला गेले. जयवंतीला ते गोड लागलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपल्यालाच आपली भीती वाटावी, इतकं गोड.

अखेर उन्नतीला कळलं. ती पुण्याहून फोनवर रडली आणि तिनंच वसईतल्या मेंदूच्या डॉक्टरांची, डॉ. एलिसांची, वेळ घेतली.

दवाखाना जुन्या वसईत, चर्चच्या मागच्या गल्लीत होता. बाहेरच्या खोलीत दोघं बाकावर बसली. समोर एक म्हातारी आपल्या मुलाला सारखी विचारत होती, "आपण कुठं आलो रे?" मुलगा दर वेळी सांगत होता. प्रल्हादराव तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा गुडघा एकसारखा हलत होता.

"जयू," ते म्हणाले. या नावानं त्यांनी तिला हाक मारल्याला जमाना झाला होता. "एक विचारायचं होतं. तुझ्या आईची ती गाणी."

जयवंती ताठ झाली.

"ती मीच पुसली ना? की तेही मला उगीच वाटतंय? हल्ली माझाच माझ्यावर भरवसा नाही. म्हणजे बघ, कदाचित मी पुसली नसतीलही. आपोआप गेली असतील. किंवा तेव्हापासूनच हा आजार असेल. माणूस भानावर नसताना काय करतो, त्याला तरी काय ठाऊक?"

आणि त्यांनी तिच्याकडे इतक्या आशेनं पाहिलं, की जयवंतीच्या अंगातून सर्रकन आग गेली. तिला सगळं एकदम दिसलं. तिनंच खणलेल्या खड्ड्यातून हा माणूस पळवाट काढत होता. आजारी माणसाला कुणी दोष देत नाही. आज डॉक्टरीणबाई चार प्रश्न विचारतील, गोळ्या लिहून देतील, आणि ते गाणी पुसणंही त्या गोळ्यांबरोबर गिळलं जाईल. उद्या उन्नती म्हणेल, आई, बाबांचा तेव्हा इलाज नव्हता गं.

"नाही," ती म्हणाली. "ती तुम्हीच पुसली. भानावर असताना, दिवसाढवळ्या, जागा हवी म्हणून. नीट लक्षात ठेवा ते."

"पण मला तर..."

"तुम्हाला काही झालेलं नाही. घोडा मी हलवला. हत्ती मी हलवला. तुम्ही सकाळी ओरडायचात काय केलं तर मरेन ते, आनि मी दुपारी तेच करायची. पासवर्ड त्याच्यासाठीच काढला मी."

तिच्या तोंडून "आनि" निघून गेलं आणि तिनं ते तसंच राहू दिलं.

मग झालं ते तिला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट. त्यांचे खांदे खाली आले, डोळे भरले आणि ते चक्क हसायला लागले. "म्हणजे मी ठीक आहे? माझं डोकं ठीक आहे?" त्यांनी तिचा हात दाबला. "अगं, ठीक आहे मी!" समोरची म्हातारी आणि तिचा मुलगा दोघंही बघायला लागली. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. "नको, नको," प्रल्हादराव उठून म्हणाले, "आम्ही बरे आहोत," आणि लहान मुलासारखे बाहेर पळाले.

जयवंती त्यांच्या मागून पायऱ्यांवर आली. एवढ्या महिन्यांची तिची मेहनत, आणि तिच्यातून त्या माणसाला मिळाला तो आनंद. तिला स्वतःचाच संताप आला.

पण पायऱ्या उतरता उतरता प्रल्हादरावांचं हसू विरलं. गल्लीत पोहोचेपर्यंत चेहरा लाल झाला होता. "चार महिने!" ते ओरडले. "चार महिने मला वेड्यासारखं केलंस? शत्रुघ्नसमोर माझं हसं केलंस? रात्र रात्र मी जागा असायचो. वाटायचं, उद्या उठेन आणि उन्नतीला ओळखणार नाही. आपलं सगळं कायमचं गेलं, असं वाटायचं मला!"

"हां," जयवंती म्हणाली. "तसंच वाटतं."

ते थबकले.

"तुमचं आत्ता परत मिळालं तुम्हाला, त्या बाकावर बसल्या बसल्या," ती म्हणाली. "माझं कोण देणार?"

शेजारून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. जयवंती त्यांच्याजवळून पुढं गेली, तिठ्यावर दुसरी रिक्षा थांबवली आणि बसली. ते हाका मारत होते. तिनं वळून पाहिलं नाही. वाटेत दोनदा वाहन बदलून ती ऊन कलायच्या आत चांदीपला, भाऊ हितेशच्या दारात उभी राहिली.

गावात भाताची झोडणी चालू होती. हितेशच्या बायकोनं, जागृतीनं, तिला काही विचारलं नाही. डोक्याला बांधायला फडकं दिलं आणि खळ्यावर घेऊन गेली. जयवंतीनं पेंढी उचलून फळीवर आपटली. पहिल्या दिवशी हात सोलवटले, दुसऱ्या दिवशी खांदे भरून आले. पण प्रत्येक पेंढीबरोबर काहीतरी सुटत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं हितेशला सगळं सांगितलं. त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली.

"आयची गानी पुसली? आनि वर थट्टा केली?"

"हां."

"मंग तू लय कमी केलंस, ताई."

उन्नतीचा फोन आला तो मात्र चिडूनच. "आई, बाबा किती घाबरले होते माहितीय तुला? हे असं वागतात का?"

"माहितीय," जयवंती म्हणाली. "मी बघतच होते ना."

"तुला काहीच वाटत नाही?"

जयवंतीनं खरंच विचार केला. "वाटतं. तू रडलीस फोनवर, त्याचं वाईट वाटतं. त्यांचं नाही."

उन्नतीनं फोन ठेवला.

प्रल्हादराव आठवडाभरानं आले, सकाळच्या उन्हात, पायी. बुटांवर धूळ, हातात मिठाईचा पुडा. खळ्यावर हितेश होता, जागृती होती, शेजारच्या तीन-चार बायका होत्या. जयवंतीला वाटलं, आता हा बाजूला बोलावणार आणि कानात काहीतरी पुटपुटणार. प्रल्हादराव तिथंच उभे राहिले.

"मी थट्टा केली होती पाहुण्यांसमोर," ते म्हणाले, "म्हणून इथं सगळ्यांसमोर बोलतो. मी ती गाणी पुसण्याआधी एकदाही नीट ऐकली नव्हती. म्हातारीचं ते काय असणार, असं धरून चाललो. माझं चुकलं."

झोडणी थांबली होती. बायका डोळे बारीक करून जयवंतीकडे बघत होत्या. हे ऐकलं की आतलं वेटोळं सुटेल, अशी तिची समजूत होती. ते थोडं सैल झालं खरं, पण सुटलं नाही. जे पुसलं गेलं ते पुसलेलंच होतं.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"घरी येतेस?"

"भात घरात पडलं की येईन. मनात आलं तर."

त्यांनी मान डोलावली. जागृतीनं पुढं केलेला चहा ते उभ्या उभ्याच प्यायले. मग जायला निघताना म्हणाले, "शत्रुघ्नचा डाव मी सोडून दिला. ग्रुपवर सगळे विचारत होते."

"काय सांगितलंत त्यांना?"

"हरलो म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?"

जयवंतीनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. दाढी वाढली होती, शर्टाला इस्त्री नव्हती. "मोठ्या रस्त्यापर्यंत रिक्षा मिळायची नाही आता," ती म्हणाली. "झाडाखालून जा, ऊन लागंल."

ते बांधावरून चालायला लागले. ते आंब्याच्या वळणाशी पोहोचायच्या आत तिनं पुढची पेंढी उचलली, कारण जागृतीनं एकटीनंच पुन्हा झोडायला सुरुवात केली होती आणि फळीपाशी दाण्यांचा ढीग वाढत चालला होता.